कॅमेऱ्यानें काय करूं नये?

कोणाही हौशी छायाचित्रकाराला आदर्श कॅमेरा कसा असावा असें विचारून पाहावें. मागण्यांची यादी त्याच्या जिव्हाग्रीं तयार असते: वजनाला हलका असावा, मिणमिणत्या उजेडांतही त्याला दिसावें, दूरचें व जवळचें एकाच भिंगानें साधावें, आणि धांवत्या पोराचा चेहरा त्यानें आपण होऊन टिपावा. यांतील बहुतेक गोष्टी आतां खिशांतल्या फोनलाही येतात. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें हातांत उचलून नेतां येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हां अवघ्या १०,००० बिंदूंचें एक काळेंपांढरें चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. तेथून आपण इतके पुढें आलों आहोंत कीं मागण्यासारखें फारसें उरलें नाहीं. म्हणून माझ्या मनांतील कॅमेऱ्याचा विचार मी उलट बाजूनें करतों: त्यानें काय करूं नये?

माझ्या स्वतःच्या गरजा थोड्या आहेत. डोळ्याला सवयीचें वाटेल असें ५० मिलिमीटरचें एकच भिंग पुरे. कार्तिए-ब्रेसाँनें जन्मभर बहुतेक काम तेवढ्यावरच भागविलें. प्रकाश व वेळ ठरविण्यास बोटांना सहज सांपडतील अशा दोन चकत्या असाव्यात. मागें पडदा नसला तरी चालेल, किंबहुना नसावाच. कारण लग्नांतील छायाचित्रकार प्रत्येक टिचकीनंतर खालीं पडद्याकडे पाहतो, आणि तेवढ्यांत वधूपित्यानें डोळे पुसलेले असतात. लायका या जर्मन कंपनीनें २०१६ सालीं असा बिनपडद्याचा डिजिटल कॅमेरा विक्रीस काढला. त्याची किंमत मात्र गृहस्थाश्रमी माणसानें घरांत मोठ्यानें उच्चारूं नये.

परंतु या झाल्या सोयीच्या गोष्टी. यंत्रानें माझ्या वतीनें किती ठरवावें, हा खरा प्रश्न आहे. त्याला दिसलें तेवढेंच त्यानें दाखवावें, असें म्हणून तो सुटत नाहीं. कारण डिजिटल कॅमेरा मुळांतच तर्क करणारा आहे. ब्राइस बायर यांनीं योजलेली व १९७६ सालीं पेटंट मिळालेली रंगजाळी आज बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तींत प्रत्येक बिंदु तांबडा, हिरवा व निळा यांपैकीं एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अजमावले जातात. म्हणजे रंगांच्या माहितीचे तीनांतील दोन हिस्से अनुमानाचे! त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. आपल्या नैयायिकांनीं अनुमानाला प्रमाण मानलेंच आहे: डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थीं तेथें अग्नि असला पाहिजे.

२०२३ सालीं गाजलेला प्रकार याहून निराळा आहे. एका जिज्ञासूनें चंद्राचें एक चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर ठेवलें, खोलींत अंधार केला, आणि दुरून फोननें त्याचें छायाचित्र घेतलें. समोरच्या चित्रांत नसलेला विवरांचा तपशील छायाचित्रांत स्पष्ट उमटला. फोनला चंद्र ओळखतां येत होता, आणि चंद्र कसा असतो हें त्याला आधींच शिकविलेलें होतें. डोंगरावरचा धूर पाहून ज्वाळा किती उंच होत्या व त्यांचा रंग कोणता होता हें रंगवून सांगण्यासारखें हें झालें.

कोणी म्हणेल, चंद्र पृथ्वीला आपली एकच बाजू दाखवितो. भरलेला तपशील जवळजवळ खराच ठरणार, मग बिघडलें काय? चंद्राचें कांहीं बिघडलें नाहीं. पण माझ्या आत्याचें तिच्या अखेरच्या वर्षांतलें एक छायाचित्र आमच्या घरीं आहे. तिच्या कपाळावर लहानपणीं गोंदलेले तीन हिरवे ठिपके होते, वयाबरोबर फिकटलेले. फोननें ते त्वचेवरील डाग समजून सुरकुत्यांबरोबर पुसून टाकले. चेहरा गुळगुळीत आला, सर्वांना आवडला, आणि त्याचीच मोठी प्रत चौकटींत गेली. घरांतलीं जीं मुलें तिच्या पश्चात् जन्मलीं, त्यांच्या लेखीं आत्याला गोंदण नव्हतेंच.

जुन्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवीत, हें खरें. पण तें करणारा एक माणूस असे, आणि "काका, एवढे ठिपके राहूं द्या" असें त्याला म्हणतां येई. येथें म्हणावयाचें कोणाला?

१९१९ सालच्या हत्याकांडानंतर नारायण विनायक विरकर यांनीं जालियनवाला बागेच्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा टिपल्या. भिंत कशी दिसली म्हणजे नीटनेटकी म्हणावी, हें त्यांच्या कॅमेऱ्याला कोणीं शिकविलेलें नव्हतें. म्हणूनच त्या छायाचित्रांना साक्षीचें मोल आहे. खुणांना डाग समजणाऱ्या यंत्राच्या हातीं तें काम गेलें असतें तर?

तेव्हां माझ्या कॅमेऱ्यानें अनुमान खुशाल करावें, पण समोरच्या प्रकाशावरून करावें. जेथें त्याला दिसलें नाहीं तेथें काळोख तसाच ठेवावा. छायाचित्राला त्याच्या उगमाची खूण जोडणारी व्यवस्था लायकानें २०२३ सालींच एका कॅमेऱ्यांत घातली. त्या खुणेंत यंत्रानें आपल्या मनानें केलेल्या दुरुस्त्याही लिहिलेल्या असाव्यात, एवढीच माझी भर. असें यंत्र हातीं येईपर्यंत फोनमधील सुधारणेच्या कळा मी एकेक करून बंद करीत आहें. पांच सांपडल्या. चेहरे अजून थोडे उजळच येतात, तेव्हां सहावी कोठें तरी असली पाहिजे.