मागें पाहणारा नांगऱ्या

(वाचन: लूक ९:५७-६२, फिलिप्पै. ३:४-१४)



आपणांपैकीं बहुतेकांनीं नांगर धरिला आहे. ज्यांनीं धरिला नाहीं, त्यांनीं बांधावर उभे राहून तो चालतांना पाहिला आहे. नांगऱ्या रुमणें दाबून धरितो, नजर समोरच्या बांधावरील एखाद्या झाडावर ठेवितो आणि बैल हांकतो. मागून कोणीं हांक मारिली व त्यानें मान वळविली, कीं हात ढिला पडतो, फाळ वर येतो आणि तासाला वांक पडतो. पहिल्या तासाला वांक पडला, कीं शेजारच्या प्रत्येक तासांत तोच वांक उतरतो. प्रभु येशूच्या मागें येऊं इच्छिणारा एक मनुष्य आधीं घरच्यांचा निरोप घेण्याची परवानगी मागूं लागला, तेव्हां प्रभूनें त्यास ह्याच नांगऱ्याचा दाखला दिला; कारण त्याचे पाय पुढें निघाले होते, पण मन घरांत राहिलें होतें.

हा दाखला पौलाच्या चरित्रांत खरा झालेला दिसतो. फिलिप्पै येथील मंडळीला पत्र लिहिलें, तेव्हां तो बंदिवासांत होता. बंदिवानाचें मन सहजच मागें धांवतें, आणि पौलाच्या मागें दोन गांठोडीं होतीं. एक मोठेपणाचें: तो बन्यामीन वंशांतला, परूशी, नियमशास्त्र पाळण्यांत निर्दोष. दुसरें लज्जेचें: स्तेफनाला दगडमार झाली, तेव्हां साक्षीदारांनीं आपलीं वस्त्रें ह्याच तरुणाच्या पायांशीं ठेविलीं होतीं (प्रे. कृ. ७:५८), आणि पुढें घरोघर शिरून त्यानें विश्वासणाऱ्या स्त्रीपुरुषांस तुरुंगांत टाकिलें होतें. पहिलें गांठोडें म्हणे, "तूं एवढा मानाचा, आणि ह्या साखळ्यांत काय मिळविलेंस?" दुसरें म्हणे, "तूं एवढा पापी, तूं लोकांस काय शिकवितोस?" पौलानें दोन्ही गांठोडीं ख्रिस्ताच्या पायांशीं ठेविलीं आणि शर्यतींत धांवणाऱ्याप्रमाणें तो पुढेंच पाहूं लागला.

आपण बहुधा दुसरेंच गांठोडें ओळखतों. पण पहिलेंही तितकेंच जड आहे. कोणी म्हणतो, "बाप्तिस्म्यापूर्वीं भाऊबंदांत आमचा शब्द चालत असे." कोणी म्हणतो, "ह्या गांवांत पहिले ख्रिस्ती माझे आजोबा." आजोबांच्या विश्वासाबद्दल देवाची स्तुति असो, परंतु त्यांनीं जेवलेल्या भाकरीनें आज आपलें पोट भरत नाहीं.

तर मग विसरणें म्हणजे स्मरणच पुसून टाकणें काय? नाहीं. आपण मंडळीचा छळ केला, हें पौल स्वतःच आपल्या पत्रांतून पुनःपुन्हा लिहितो. योसेफाकडे पाहा. देवानें मला माझे सर्व कष्ट विसरावयास लाविलें, असें म्हणून त्यानें आपल्या ज्येष्ठ पुत्राचें नांव मनश्शे ठेविलें (उत्प. ४१:५१). तरीही धान्यासाठीं भाऊ दारीं आले, तेव्हां त्यानें त्यांस तत्काळ ओळखिलें. त्याला खड्डा आठवत होता, विकणारे हात आठवत होते. पण त्या आठवणींतलें विष देवानें काढून घेतलें होतें. म्हणून ज्या हातांनीं त्यास विकिलें, त्याच हातांत तो धान्याचीं पोतीं देऊं शकला. मागचें स्मरण राहो, पण तें आपला धनी होऊं नये, हेंच खरें विसरणें होय.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. "देवानें मागचें क्षमा केलें" असें म्हणून कोणी आपलें कर्ज बुडवूं नये. ज्याची मेर सरकविली, ज्याची मजुरी ठेवून घेतली, ज्या भावाला शिवी दिली, तो हिशेब अजून मागें पडलेला नाहीं. तो समोर उभा आहे. जक्कयाच्या घरीं तारण आलें, तेव्हां अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्यास तो सिद्ध झाला. फेडावयाचें तें फेडावें, क्षमा मागावयाची ती मागावी, आणि मग तें गांठोडें पुन्हा उचलूं नये.

आणखी, हें काम एकट्या पश्चात्तापी मनुष्याचें नव्हे, मंडळीचेंही आहे. शौल यरुशलेमांत आला, तेव्हां शिष्य त्यास भ्याले. दिमिष्कांत हनन्यानें त्यास 'भाऊ' म्हणून हांक मारिली होती. यरुशलेमांत बर्णबानें त्याचा हात धरून त्यास प्रेषितांकडे नेलें. अहो उपदेशक बंधूंनो, दारू सोडून आलेल्या मनुष्याला दहा वर्षांनंतरही आपण 'तो दारूबाज' म्हणूनच ओळखीत असलों, तर त्याची मान मागें वळविणारे आपणच नव्हे काय?

आपल्या ह्याच भूमींतील पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईबाप व वडील बहीण मरण पावलीं. पुढें भाऊ गेला, आणि सन १८८२ मध्यें पतीही गेले. दुःख कवटाळून बसावयास त्यांस पुरेसें कारण होतें. परंतु सन १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हां मध्य प्रांतांत जाऊन त्यांनीं उपाशी मुली व विधवा यांस आणिलें आणि केडगांव येथें आसरा दिला. आपल्या भुकेची आठवण त्यांस होतीच. पण तिनें त्यांस मागें ओढिलें नाहीं, दुसऱ्यांच्या भुकेकडे नेलें.

प्रियांनो, आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें गांठोडें देवापुढें उघडावें. त्यांत फेडण्याजोगें काय आहे तें पाहून, तें उद्यांच फेडण्याचा निश्चय करावा. जो मान गेला, जो अपमान झाला, जें पाप क्षमा झालें, तें त्याच्या हातीं द्यावें. मग सकाळीं रुमणें धरितांना समोर पाहावें. आपल्या शेताच्या त्या टोकाला झाड नव्हे, स्वतः प्रभु उभा आहे. त्याच्यावर नजर ठेवून चालणाऱ्याचें तास सरळ जाईल. आमेन.