दार कोणासाठी बंद?

उद्धाराचा विषय निघाला की एक शंका हटकून पुढे येते. ज्यांच्या कानी देवाचा हा मार्ग कधी पडलाच नाही, त्यांचे काय? रोमच्या कॅथलिक पंथात ह्या शंकेचा खल सतराशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. परक्याच्या घरातला वाद म्हणून तो सोडून देऊ नये. त्यात प्रत्येक भाविकाने पाहावे असे पुष्कळ आहे.

त्यांच्यात एक जुने वचन आहे, की चर्चच्या बाहेर तारण नाही. चर्च म्हणजे येथे नुसती इमारत नव्हे, तर ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा अवघा मेळा. आणि तारण म्हणजे आपण ज्याला उद्धार म्हणतो ते. हे वचन तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या लेखणीतून आले. तो काळ छळाचा होता. बाहेर रोमच्या बादशहाचा जुलूम आणि घरात फूट. कोणी भिऊन परक्या देवांपुढे धूप जाळला, कोणी वेगळी चूल मांडली. आपली माणसे फुटू नयेत ही सिप्रियन यांची तळमळ होती. २५८ साली त्यांनी स्वतःही श्रद्धेपायी मान दिली. तात्पर्य, वचन बोलले गेले ते घर मोडणाऱ्यांना उद्देशून. दूरदेशीचा अजाण माणूस तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

पण वचन एकदा तोंडातून सुटले की ते कोणाच्या हाती पडेल ह्याचा नेम नसतो. पुढे चर्चला सत्ता आली. रोमच्या पोपच्या अधीन असणे प्रत्येक मनुष्याच्या तारणाला अवश्य आहे, असे पोप आठवे बोनिफेस यांनी १३०२ साली जाहीर केले. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने त्याहून कडक शब्द लिहिले. मूर्तिपूजक, यहुदी, फुटून गेलेले, कोणीही असो, मरणापूर्वी चर्चमध्ये आला नाही तर त्याला अग्नीच. ख्रिस्ताचे नाव जगभर पोचलेच आहे, न मानणारा तो जाणूनबुजून न मानणारा, अशी त्या काळच्या पंडितांची सर्वसाधारण समजूत होती. आणि पन्नासच वर्षांनी, १४९२ साली, कोलंबसाची गलबते अमेरिकेला लागली! तिथे लक्षावधी माणसे, आणि एकाच्याही कानी ते नाव कधी गेलेले नाही. आता त्यांना दोषी कसे म्हणावे?

ही गोष्ट नुसत्या पंडितांची राहिली नाही. ज्यांचा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या देवळात आहे, ते जेझुइट पाद्री फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानात उतरले. तिकडची हकीकत त्यांनी १५५२ सालच्या पत्रात लिहिली आहे. नवे ख्रिस्ती झालेले लोक त्यांना विचारीत, आमचे आईबाप आणि गेलेली लेकरे नरकात आहेत, त्यांना दानधर्माने किंवा प्रार्थनेने सोडवता येईल काय? झेवियर यांनी सांगितले, नाही. ती माणसे रडू लागत, आणि ते पाहून मलाही अश्रू आवरत नसत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

अहो, विचार करा. देव दयाळू आहे हा पहिला धडा, आणि तुझी आई कायमची गेली हा दुसरा! तिचा अपराध काय? तर नाव ऐकले नाही, एवढाच. झेवियर यांची शिकवण एक सांगत होती आणि त्यांचे डोळे दुसरेच सांगत होते.

सांगड घालण्याचा धागा मात्र त्यांच्याच जुन्या पेटीत होता. ३९२ साली रोमचा बादशहा दुसरा व्हॅलेन्टिनियन बाप्तिस्मा होण्यापूर्वीच मेला. त्याच्या बहिणी शोक करू लागल्या, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्यांचे समाधान केले, की त्याने तो संस्कार मागितला होता, मागितले ते त्याला मिळाले. म्हणजे पाणी अंगावर पडले नाही तरी इच्छा देवाला पोचते. हाच धागा पुढे लांबत गेला. जे स्वतःच्या दोषावाचून अज्ञानात आहेत आणि सरळ मनाने वागतात, त्यांना देवकृपेने तारण मिळू शकते, असे पोप नववे पायस यांनी १८६३ साली लिहिले.

तरी वाद मिटला नाही. अमेरिकेत बॉस्टनकडे लेनर्ड फीनी नावाचे पाद्री होते. त्यांचे म्हणणे, वचनाला फाटे फोडू नका. बाहेरचा तो बाहेरचाच. १९४९ साली रोमहून उत्तर आले, की चर्चमध्ये प्रत्यक्ष दाखल होणे सर्वांनाच आवश्यक असते असे नाही, मनातली इच्छा, प्रसंगी तिची स्वतःला जाणीव नसली तरी, पुरेशी होऊ शकते. फीनी ऐकेनात. रोमने बोलावले, ते गेले नाहीत. १९५३ साली आज्ञाभंगाबद्दल त्यांना बहिष्कृत केले गेले. बाहेर तारण नाही म्हणणाराच बाहेर पडला! १९७२ साली, मरणापूर्वी सहा वर्षे, त्यांना परत आत घेतले.

पण फीनींची शंका थट्टेवारी नेण्याजोगी नाही. सगळेच तरणार असतील तर साधन कशाला? ह्याचे उत्तर १९६४ सालच्या व्हॅटिकनच्या परिषदेच्या लेखात सापडते. बाहेरचा जो खऱ्या मनाने देवाला शोधतो आणि सदसद्विवेकाला जागतो, त्याला तारण मिळू शकते, असे तो लेख सांगतो. पण त्याच्या थोडे आधीच आतल्यांनाही बजावले आहे. जो चर्चमध्ये आहे पण प्रेमात टिकत नाही, तो देहाने आत असला तरी मनाने नाही, आणि तो तरत नाही. म्हणजे साधन सुटले नाही. उलट आतल्यावर भार अधिक पडला.

कार्ल रानर ह्या जर्मन पंडितांनी बाहेरच्या सज्जनाला 'अनामिक ख्रिस्ती' म्हटले. त्यावर त्यांच्याच पंथात आक्षेप आला, की ज्याने हे नाव घेतले नाही, त्याच्यावर ते लादावे कशाला? आक्षेप खोटा नाही. दुसऱ्याला आपल्यात ओढून तारणे हाही एक सूक्ष्म अभिमानच होऊ शकतो.

तेव्हा सार इतकेच. बाहेर तारण नाही हे वाक्य ज्याने त्याने आपल्याकडे पाहून म्हटले तर ती निष्ठा होते, आणि शेजाऱ्याकडे बोट करून म्हटले तर तोच शाप होतो. गळ्यात क्रूस असो की तुळशीची माळ, ती घातली म्हणून आपण आत आलो, असे कोणी समजू नये. दुसऱ्याच्या आईचे काय झाले ते देवावर सोडावे. आपण मनाने आत आहोत की दारातच घुटमळतो आहोत, हे मात्र रोज पाहावे.