आंतरविद्याशाखीय पदवीचा जमाखर्च

आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमाच्या पदवीला खर्च किती येतो आणि ती पदरी पडल्यावर मिळकत किती होते, हा प्रश्न विद्याव्यवहाराच्या चर्चेत सहसा गौण मानला जातो. ज्ञानाला बाजारभाव लावणे म्हणजे ज्ञानाचे अवमूल्यन करणे, अशी या उपेक्षेमागील धारणा असते. ती उदात्त वाटली, तरी नैतिकदृष्ट्या निर्दोष नाही. शुल्क, वसतिगृहाचा खर्च आणि शिक्षणाच्या वर्षांत बुडालेली कमाई यांचा भार कोणीतरी उचलत असते. ज्याला तो भार जाणवत नाही, त्यालाच हा हिशेब क्षुद्र वाटू शकतो.

हिशेबाची रूढ रीत अर्थशास्त्राने घालून दिली आहे. गॅरी बेकर यांच्या 'ह्यूमन कॅपिटल' (१९६४) या ग्रंथापासून शिक्षणाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली. आजचा खर्च एका पारड्यात आणि पुढील आयुष्यातील वाढीव कमाई दुसऱ्यात, असे हे तोलन. परंतु पदवीचे मोल केवळ मागणी-पुरवठ्यातून ठरत नाही. नोकरीच्या जाहिरातीतील भाषाही ते ठरवीत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित अथवा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवीची अट घातली. 'संलग्न' कशाला म्हणावे, याचा निर्णय उमेदवाराच्या हाती नसतो. स्त्री-अभ्यास आणि तौलनिक साहित्य हे विषय राष्ट्रीय पात्रता परीक्षेत आहेत. मात्र ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला सामावून घेणारे विभाग मोजकेच आहेत. परीक्षा एका नकाशावर घ्यायची आणि पदे दुसऱ्या नकाशावर भरायची, अशी ही विसंगती आहे.

या अभ्यासपद्धतीच्या समर्थनार्थ मराठी भाषकांना ज्ञात असलेली दोन नावे हटकून पुढे येतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आहत नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावले आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ सिद्ध केला. इरावती कर्वे यांनी मानववंशशास्त्राची दृष्टी महाभारताकडे वळवून 'युगान्त' (१९६७) लिहिले. ही उदाहरणे यथार्थच आहेत. मात्र कोसंबी व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते आणि इरावतीबाई डेक्कन कॉलेजात आपल्या विषयाच्या अध्यापक होत्या. दोघांचेही सीमोल्लंघन एका विद्याशाखेत पाय रोवल्यानंतरचे होते. त्यांचे वेतन त्या सीमोल्लंघनावर अवलंबून नव्हते. अठराव्या वर्षी सीमारेषेवरच उभे राहण्याचे आवाहन ज्या विद्यार्थ्याला केले जाते, त्याच्यासमोर हा आदर्श ठेवताना हा भेद विसरला जातो.

याचा अर्थ अशा अभ्यासाची गरज नाही, असा नव्हे. दलित आत्मकथनांचे वाचन जातिव्यवस्थेच्या समाजशास्त्राला आणि भूमिसंबंधांच्या इतिहासाला वगळून करू गेल्यास ते शैलीच्या वर्णनापाशी अडते. विद्याशाखांच्या सीमा ओलांडल्याने आकलन वाढते आणि ते आकलन संपूर्ण समाजाच्या खाती जमा होते. नैतिक पेच नेमका येथे आहे. लाभ सार्वजनिक असताना जोखीम मात्र एकट्या विद्यार्थ्याची आणि त्याच्या कुटुंबाची राहते. घरची शेती अथवा वेतन पाठीशी असलेला विद्यार्थी ती पेलू शकतो. शिष्यवृत्तीच्या रकमेवर महिना काढणारा विद्यार्थी रूढ विषयाकडे वळतो. त्याच्या या निवडीला बौद्धिक भीरुता म्हणणे हा अन्याय होय. ज्यांच्या अनुभवामुळे या अभ्यासांची निकड निर्माण झाली, तेच समूह अशा रीतीने त्या अभ्यासांपासून दुरावण्याची शक्यता असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीयतेचा पुरस्कार केला आणि पदवीच्या वाटेवर थांबे ठेवले: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर अधिक वरची पदवी. या लवचिकतेचा लाभ नाकारण्याचे कारण नाही; शिक्षण मध्येच सुटलेल्याच्या हाती पूर्वी काहीच उरत नसे. परंतु पहिल्या थांब्यावर स्वेच्छेने उतरणारा आणि पैसे संपल्यामुळे उतरणारा, यांच्या हाती एकच प्रमाणपत्र पडते. निवड आणि निरुपाय यांतील अंतर त्या कागदावर उमटत नाही.

म्हणून जमाखर्चाचा प्रश्न टाळण्याऐवजी तो योग्य पक्षाला विचारला पाहिजे. असा अभ्यासक्रम उघडणाऱ्या विद्यापीठाने आपल्या अध्यापक-भरतीत ती पदवी स्पष्ट शब्दांत ग्राह्य धरली आहे काय? विद्यार्थ्याला किमान एका विद्याशाखेची शिस्त पुरती आत्मसात करता येईल, अशी तजवीज त्यात आहे काय? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर त्या पदवीची किंमत विद्यापीठ स्वतः मान्य करीत नाही, असाच निष्कर्ष निघतो. आणि स्वतःला मान्य नसलेली किंमत विद्यार्थ्याकडून वसूल करण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.