महादेवाच्या नावावर

मराठवाड्यात गांजाची बाजू घेणारा माणूस कायद्याच्या वाटेला सहसा जात नाही. ‘महादेवाचं झाड आहे’ एवढंच तो म्हणतो, आणि समोरच्याचा निम्मा विरोध तिथेच गळून पडतो. पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या ओळींत दडवून लावलेली झाडं पोलिसांनी उपटून नेल्याच्या बातम्या इकडच्या जिल्ह्यांतून अधूनमधून येत असतात. तो उघड धंदा आहे आणि त्यात तात्त्विक प्रश्न शोधायचं कारण नाही. विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, स्वतःपुरतं एक झाड अंगणात लावायचं, असं म्हणणाऱ्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. देवाला चालतं ते भक्ताला का चालू नये, असं तो विचारतो. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, आणि जालन्यासारख्या कोरड्या जिल्ह्यात तर तो अधिक नेमका होतो. माझं म्हणणं असं, की या प्रश्नाला धर्माच्याच भाषेत ‘नाही’ असं उत्तर मिळतं. मात्र ते ‘नाही’ सरकारने आपल्या खात्यावर जमा करू नये.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथून सुरू होतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत, म्हणून पानांची भांग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. महाराष्ट्रात तिला १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याच्या चौकटीत धरतो, ते निराळं. पण लागवडीचा विषय आला की हा बारकावा संपतो. त्या वनस्पतीचं कुठलंही झाड विनापरवाना लावणं गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड. बाळगलेल्या मालाला थोडा, मधला आणि व्यापारी अशा पायऱ्या आहेत, लागवडीला त्या नाहीत. म्हणजे पान चालेल, पण पान देणारं झाड चालणार नाही. अशा कायद्यापुढे माणूस देवाचा आधार शोधू लागला तर नवल नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमातलं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, हे त्याला ठाऊक असो वा नसो. पण न्यायालयात हा आधार टिकेल का, हा माझा विषय नाही. गाभाऱ्यात तो टिकतो का, ते पाहायचं आहे.

‘महादेवाचं झाड’ या म्हणण्यामागे एक गृहीतक असतं, की हे निसर्गाने आपणहून दिलेलं दान आहे. हिमालयाच्या पायथ्याशी ते खरं वाटावं अशी परिस्थिती आहे. तिथे भांगेची झाडं रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर तणासारखी माजतात. जालन्यात तसं होत नाही. वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या, नाही जमलं तेव्हा त्यावर कुऱ्हाड चालवली. इथली काळी जमीन पावसात चिकट होऊन मुळं गुदमरवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोरडी हवा गांजाला मानवते असं म्हणतात. फुलोऱ्यापुरतं ते खरंही आहे, कारण दमट हवेत दाट फुलोऱ्याला बुरशी धरते आणि दिवस लहान होऊ लागल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलणाऱ्या झाडाला इथे तेव्हा कोरडं आकाश मिळतं. पण तोवर त्याला पाणी घालावं लागतं, कुंडीत असेल तर रोज. घरात पिण्याचं पाणी मोजून वापरायच्या दिवसांत कुणीतरी त्यातलं तांब्याभर त्या कुंडीत ओतत असतो. हे आपोआप उगवलेलं दान नव्हे. ही निवड आहे, आणि ती एकदा करून भागत नाही, महिनोन्‌महिने रोज नव्याने करावी लागते.

याहून पुढची गोष्ट झाडाच्या शरीररचनेत आहे. या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नशेचा चीक मादीच्या फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींत साठतो आणि परागकण मिळाले की झाड चिकाऐवजी बियांकडे वळतं. म्हणून गांजा पिकवणारा नर झाडं ओळखून आधी उपटतो. इंग्रजी अमदानीत बंगालमधल्या नौगाव भागात तर या कामासाठी खास जाणकार माणूस पैसे देऊन बोलावत. निसर्गाचा हेतू बी धरण्याचा असतो, शेतकऱ्याचा हेतू तो रोखण्याचा. ज्याला आपण ‘देवाने दिलेलं’ म्हणतो ते असं हिशेबाने घडवलेलं असतं. यात पाप आहे असं मी म्हणत नाही. कलमी आंबाही माणसानेच घडवला. पण मग कौतुक आणि जबाबदारी दोन्ही माणसाच्या वाट्याला यायला हवीत. कष्ट आपले आणि हुकूम देवाचा, अशी वाटणी करता येत नाही.

आता खुद्द महादेवाकडे वळू. त्याला काय वाहतात? बेल, धोतरा, रुई. यातला धोतरा गांजाहून कितीतरी घातक आहे. त्याच्या बियांनी माणूस भ्रमिष्ट होतो आणि मरूही शकतो. तरी त्याच्यावर कुठलीही बंदी नाही. तो जालन्याच्या कुठल्याही पडीक जागेत, गावकुसाबाहेर, रस्त्याच्या खणतीत उगवतो आणि महाशिवरात्रीला त्याची काटेरी फळं देवळाबाहेर विकायला येतात. आजवर कुठल्या भक्ताने म्हटलं आहे का, की धोतरा महादेवाला चालतो म्हणून मीही खाणार? तो वाहायचा आणि मागे फिरायचं. समुद्रमंथनात निघालेलं हलाहल ज्याने घशात धरलं त्याला विषारी वस्तू वाहण्यात एक सरळ अर्थ आहे: हे आमच्याच्याने पचत नाही, तू ठेव. पिंडीवर वाहिलेलं आपण परत घेऊन खात नाही, ही रीतही इकडच्या घरांत पाळली जाते. ज्योतिर्लिंगाच्या ठिकाणी याला अपवाद सांगतात, आणि वेरूळ, परळी, औंढा अशी तीन ठिकाणं मराठवाड्यातच असल्याने हा आक्षेप इथे हमखास येतो. पण त्या तिन्ही ठिकाणी लोक पेढे, साखरफुटाणे घरी नेतात. पिंडीवरचा धोतरा कुणी तोंडात टाकत नाही. वाहणं म्हणजे हक्क सोडणं, आणि अंगणात लावून जपणं म्हणजे हक्क सांगणं. आपल्या अंगणात कुठलं झाड असावं हेही परंपरेने ठरवून दिलं आहे. वृंदावनात तुळस असते. धोतरा आणि रुई कुणी मुद्दाम लावत नाही, ती बांधावर आणि पडिकात बरी. स्मशानात राहणाऱ्या देवाची झाडं उंबरठ्याबाहेरचीच आहेत.

ग्रंथांचा दाखला देणारे इथे अडवतील. अथर्ववेदात सोमाला मुख्य मानून ज्या पाच वनस्पतींना आवाहन केलं आहे त्यांत भंग आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत, चौथ्या पादाच्या आरंभीच, सिद्धी मिळण्याची जी पाच साधनं सांगितली त्यांत औषधीही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण अथर्ववेदाच्या त्या मंत्रातली मागणी संकटातून सुटकेची आहे, धुंदीची नाही. आणि योगसूत्रं वाचायची तर सहाव्या सूत्रापर्यंत तरी वाचावीत. तिथे पतंजली सांगतात, की या पाच वाटांनी घडलेल्या चित्तांपैकी ध्यानातून घडलेलंच तेवढं वासनांच्या साठ्यापासून मोकळं असतं. औषधीने काहीतरी घडतं हे त्यांनी नाकारलेलं नाही. त्याने माणूस सुटत नाही, एवढंच ते सांगतात. व्यासभाष्य तर औषधीच्या सिद्धीचं ठिकाण असुरांच्या घरी दाखवून मोकळं होतं.

इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाचा अहवालही पुष्कळ जण पुढे करतात. त्यात मुंबई इलाख्यातले अधिकारी जे. एम. कॅम्पबेल यांचं या वनस्पतीच्या धार्मिक महत्त्वावरचं टिपण आहे आणि ते गांजाच्या भक्तीने इतकं भारलेलं आहे, की एखाद्या गोसाव्यालाही संकोच वाटावा. आयोगाने सरसकट बंदी नको म्हटलं, बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही असं म्हटलं, आणि कर बसवून नियंत्रण ठेवायला सांगितलं. हे राज्यकारभाराचं शहाणपण होतं, त्यात महसूलही होता. लोक काय करतात याची ती नोंद आहे. लोकांनी काय करावं असं त्यांचा देव सांगतो, हे आयोगाने ठरवलं नव्हतं आणि ते त्याचं कामही नव्हतं.

सगळ्यांत अवघड आक्षेप मात्र पुस्तकातला नाही, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला आहे. शेगावचे गजानन महाराज चिलीम ओढत. १८७८ साली प्रकटलेल्या आणि १९१० साली समाधिस्थ झालेल्या या संताची पालखी आषाढी करून परतताना जालना जिल्ह्यातून जाते, आणि वाटेवरच्या गावांत त्यांच्याविषयी वेडंवाकडं बोलायची कुणाची छाती नाही. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात तर काशीहून आलेल्या गोसाव्याने गांजाचा नवस फेडल्याची कथाच आहे. ती टाळून हा वाद पुरा होणार नाही. पण ती नीट वाचावी. मागणी महाराजांची नाही, नवस गोसाव्याचा आहे. महाराज तो भक्ताच्या मनासाठी घेतात, आणि त्यांना त्या व्यसनाचा लेप लागला नाही हे ग्रंथकार आवर्जून सांगतो. शिवाय ज्यांना स्वतःचं घर नव्हतं, गाठीला काही नव्हतं, उष्ट्या पत्रावळीवरची शितं ज्यांनी वेचून खाल्ली, त्यांच्या हातातली चिलीम आणि नोकरीवरून आल्यावर आपल्या स्लॅबवरच्या कुंडीतून केलेली सोय यांत साम्य फक्त धुराचं आहे. अवलियाला सूट मिळते ती त्याने बाकीचं सगळं सोडलं म्हणून. बाकीचं सगळं ठेवून तेवढी सूट मागणं हा भक्तीतला कमी प्रतीचा सौदा आहे. भक्तांनाही हे आतून कळतं, म्हणूनच प्रकटदिनाला घरोघरी पिठलं-भाकरी आणि अंबाडीची भाजी होते.

वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडली की नशा सुटते, आणि राख फासून साधुपण मिरवणाऱ्यांचा तुकोबांनी घेतलेला समाचार सर्वांना माहीत आहे. बौद्धांचं पाचवं शील, ज्याचा उच्चार मराठवाड्यातल्या हजारो वस्त्यांत रोज होतो, ते मला या सगळ्यांत अधिक उपयोगी वाटतं, कारण ते वस्तूला दोष देत नाही. नशेतून प्रमाद घडतो, सावधपण जातं, म्हणून ती नको. आणि उपासकाने न करण्याच्या पाच व्यापारांत शस्त्र, प्राणी, मांस आणि विष यांच्याबरोबर मादक पदार्थ आहेत. झाड निर्दोष आणि निवड दोषी, ही विभागणी तिथे स्वच्छ आहे.

पण मग कर्करोगाच्या वेदनेत तळमळणाऱ्याचं काय? आयुर्वेदाला ही वनस्पती विजया या नावाने माहीत आहे, शार्ङ्गधरसंहितेत तिच्या गुणांची नोंद आहे, आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात तिला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिलं. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. फक्त हा करुणेचा दावा आहे, उपासनेचा नाही, आणि त्याला महादेवाच्या शिफारशीची गरज नाही. १९८५ चा कायदाही औषधी आणि वैज्ञानिक उपयोगाला वाट ठेवतो. ती वाट रुंद करा म्हणून भांडावं, पण मात्रा मोजता येईल अशा औषधासाठी भांडावं. अंगणातल्या एका झाडाचा फुलोरा दुसऱ्यासारखा नसतो, हे वेदनेत असलेल्या माणसाला परवडत नाही.

इथवर वाचून एखादा अधिकारी खूश झाला असेल तर त्याने थोडं थांबावं. देवाने परवानगी दिली नाही याचा अर्थ देवाने तुरुंग मान्य केला असा होत नाही. धर्म जे नाकारतो त्यातलं पुष्कळसं राज्य चालवून घेतं, आणि घ्यावंही. दारूला सरकारी परवाना आहे, धोतऱ्याला तर तोही लागत नाही, आणि एका कुंडीला दहा वर्षांपर्यंतची टांगती तलवार. या विषमतेचं समर्थन सरकारला आरोग्याच्या, व्यापाराच्या, गुन्हेगारीच्या पुराव्यांवर करावं लागेल. समाजाच्या नैतिक नापसंतीचा पडदा ओढून भागणार नाही. मी शिक्षेच्या मापाविरुद्ध आहे. विक्रीसाठी शेत लावणारा आणि एक झाड लावणारा यांना एकाच ओळीत उभं करणं अन्यायाचं आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागितली. बाकी कुठल्याच पिकाला भाव नाही, याला आहे, एवढंच त्याचं म्हणणं. पोलिसांनी ते प्रसिद्धीसाठी केलेलं मानलं. मला तो अर्ज ‘महादेवाचं झाड’ म्हणणाऱ्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात देवाला साक्षीला ओढलेलं नाही. उत्तराखंडने २०१८ पासून नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या वाणांना धाग्यासाठी आणि बियांसाठी परवाने द्यायला सुरुवात केली. राज्याला तसा अधिकार कायद्यातच आहे. बियाण्यांच्या धंद्यावर मोठ्या झालेल्या जालन्यात उद्या तसलं वाण आलं, तर ते किती पाणी पितं आणि क्विंटलला काय भाव देतं हे कृषी खात्याला नि शेतकऱ्याला पाहावं लागेल, आणि त्या पिकात नशाच नसल्याने महादेवाचं नाव घ्यायला कुणी पुढे येणार नाही.