खात्री होईपर्यंत

त्या दिवशी यूपीआय चालेना, म्हणून भाजीवाल्या मावशींना पाचशेची नोट दिली. सुट्टे देताना त्या ओशाळल्या. "दादा, ही शंभराची जरा वेडीवाकडी आहे. चालेल का? कुणी घेतच नाही."

नोटेच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला कागदाची जास्तीची त्रिकोणी जीभ होती. मी म्हणालो, "द्या, चालेल." "बरं झालं बाबा," म्हणत त्यांनी पिशवीत वर कोथिंबीर टाकली.

मी छपाईत चुकलेल्या नोटा जमवतो. अशी नोट दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाते, हे मला माहीत होतं. तरी गप्प राहिलो. मनाला सांगितलं, ती खरी आहे हे अजून कुठे ठरलंय?

सबब अगदीच खोटी नव्हती. या छंदात फसवणूक भरपूर. कोणी नंबर खोडून 'बिननंबरी' नोट बनवतं, कोणी तुकडा चिकटवतं. बग पुन्हा घडवून दाखवता आला की आम्ही इंजिनिअर तो खरा मानतो. नोटेचंही तसंच. चूक यंत्रात कशी घडली, हे त्या नोटेवरून सांगता आलं पाहिजे.

आठ दिवसांनी भिंग आणि यूव्ही टॉर्च घेऊन बसलो. भिंगाखाली कुठे जोड दिसेना. नंबरचे शेवटचे दोन अंक पुढच्या बाजूला नव्हतेच, ते जिभेच्या मागच्या बाजूला होते. जुन्या घडीवरून कोपरा आत दुमडला, तर नंबरची ओळ पूर्ण जुळली आणि नोट बरोबर 66 बाय 142 मिलिमीटर भरली. टॉर्चखाली सगळे अंक सारखेच चमकले. म्हणजे नंबर छापण्याआधीच मोठ्या कागदाचा कोपरा दुमडला होता, आणि कापतानाही तसाच राहिला. नोट खरी होती.

आणि माझी सबब संपली.

सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये असाच एक पेच मांडला होता. रोड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येताहेत, हे फक्त त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावं का? डायोजिनिस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने जातो.

मला डायोजिनिस थोडा पटतो. नजर कमवायला माझी वर्षं गेली आहेत, तिचं मोल मला मिळावं. पण त्या व्यापाऱ्याने निदान उपकाराचा आव आणला नव्हता. मी गप्प तर राहिलोच, वर मावशींचे आभार आणि कोथिंबीरही घेतली.

रविवारी नोट घेऊन गेलो. सगळं सांगितलं, विकली तर अर्धे पैसे तुमचे, असंही म्हणालो. मावशींनी नोट उलटसुलट करून पाहिली.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"खात्री नव्हती," मी म्हणालो. नोटेबद्दल ते खरं होतं.