मुदत गेली, देणं राहिलं

बहात्तरच्या दुष्काळात आमची विहीर आटली. ती खोल करायला वडिलांनी गावातल्या एका गुरुजींकडून दोन हजार रुपये घेतले. व्याज दरसाल दरशेकडा नऊ. विहिरीखालचा पाऊण एकराचा तुकडा नजरगहाण लिहून दिला. जमीन आमच्याच वहिवाटीत राहिली. फेड वर्षात करायची होती. विहिरीला पाणी लागलं, पण फेड झाली नाही. पुढं गुरुजी गेले, वडीलही गेले.

१९८८ साली गुरुजींच्या काकू पिशवीत गहाणखत घेऊन दारात आल्या. "बाळा, सवडीनं दे, पण दे," एवढंच म्हणाल्या.

मी दहावी शिकलेला, शहाणा! खताची नक्कल घेऊन तालुक्याला वकिलाकडं गेलो. ते म्हणाले, "गहाणाच्या पैशाचा दावा बारा वर्षांत लावायचा असतो, पैसे देय झाल्यापासून. पंच्याऐंशीलाच मुदत संपली. आता कशावर सही करू नका." हलक्या मनानं परत आलो आणि काकूंना सांगितलं, "मुदत गेली." त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलून गेल्या.

आई चुलीपुढं होती. म्हणाली, "मुदत कागदाची गेली. हिरीचं पानी कुठं गेलंय? सकाळीच उसाला सोडलंस की."

मुदतीचा कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. साक्षीदार मरतात, पावत्या हरवतात. आज्याच्या नावचा कागद काढून कुणी नातवाला नाडू नये, म्हणून मुदत हवीच. पण नुसत्या मुदतीनं गरीब वाचतोच असंही नाही. १८५९ च्या कायद्यानं कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेतलं. कुळाचा अंगठा होताच. असल्या खतांनी पिचलेले शेतकरी १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात उठले. ठिकठिकाणी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. ते दक्खनचे दंगे.

मी मात्र त्या कुळांच्या जागी नव्हतो. माझ्यासमोर सावकार नव्हता, एक म्हातारी होती. कुळांसाठी केलेली ढाल मी तिच्यापुढं धरली होती.

पुढं मला कळलं, की मुदत गेली म्हणजे कोर्टाचं दार बंद झालं, एवढंच. देणं खोटं ठरत नाही. मुदत गेलेलं कर्ज फेडीन असं कुणी लिहून सही केली, तर कायदा तो शब्दही मानतो. म्हणजे कोर्ट बाजूला होतं आणि उरलेलं माणसावर सोडतं.

ऊस गेल्यावर मी काकूंकडं गेलो. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, ही आपली जुनी दामदुपटीची रीत. त्या हिशेबानं चार हजार पुढं ठेवले. मनात होतं, काकू व्याज तरी सोडतील. त्यांनी सोडलं नाही. नोटा दोनदा मोजल्या, खत माझ्या हातात दिलं आणि चहा टाकला.

बरंच झालं. व्याज सोडलं असतं, तर मी पुन्हा त्यांचा देणेकरी झालो असतो. आणि त्या देण्याला कुठली मुदत?