वादळ खोटे, सोबती खरे

सज्जनहो, आज एक नव्या काळाचा प्रश्न विचारास घेऊ. जे प्रत्यक्ष घडलेच नाही, त्याची जबाबदारी असते काय?

रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी मुले इंटरनेटवर अमेरिकेतल्या टोर्नेडोचा पाठलाग खेळतात. टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा भोवरा. वेगवेगळ्या गावांतली पाच-सहा मुले मिळून एक तुकडी करतात. एक जण रडारचा नकाशा वाचतो, एक गाडी हाकतो, एक वादळाच्या वाटेत मापनयंत्र ठेवतो. पुढे जायचे की मागे फिरायचे, हा शब्द म्होरक्याचा. गाडी उलटली तरी कोणी मरत नाही. खेळ पुन्हा मांडता येतो.

येथे पूर्वपक्ष असा : खेळ हे स्वप्नासारखे आहे. स्वप्नात केलेल्या चोरीची शिक्षा कोणी भोगत नाही. मग खोट्या वादळात तुकडी बुडवली, तर दोष कसला?

दृष्टान्त चांगला आहे, पण अपुरा आहे. स्वप्नातला चोर आपण, धनी आपण आणि शिपाईही आपणच. तेथे दुसरा जीव नसतो. खेळात मात्र पलीकडे दुसऱ्या घरात दुसरे लेकरू बसलेले असते. म्होरक्याने स्वतःला भोवरा जवळून दिसावा म्हणून गाडीवाल्याला पुढे ढकलले, आणि गाडी गेल्यावर सर्वांदेखत त्यालाच शिवी दिली, तर गाडी खोटी, पण शिवी खरी. त्या पोराच्या डोळ्यांत आलेले पाणीही खरे. दोरीवरचा साप खोटा म्हणून घाबरलेल्याला लागलेला धक्का खोटा ठरत नाही.

म्हणून सिद्धान्त असा : मिथ्या वस्तूची जबाबदारी नसेल, पण त्या वस्तूच्या निमित्ताने जमलेल्या माणसांची असते.

आता खऱ्या वादळाकडे पाहू. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमा राज्यात एल रेनो गावाजवळ टोर्नेडो उतरला. त्याची रुंदी सुमारे 4.2 किलोमीटर होती. याहून रुंद टोर्नेडोची नोंद नाही. त्याने एकाएकी दिशा बदलली आणि वेग वाढवला. त्यात संशोधक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे गेले. समारास नवखे नव्हते. 2003 साली साउथ डकोटातील मँचेस्टर येथे त्यांनी वाटेत ठेवलेल्या यंत्रावरून टोर्नेडो गेला, आणि हवेचा दाब 100 मिलिबारने उतरल्याची नोंद मिळाली. एवढ्या जाणत्या माणसालाही वाऱ्याने सवड दिली नाही. ज्या खेळात मरण नाही, तेथे म्होरक्याला ‘मागे फिरा’ म्हणण्याची सवय लावून घेता येते. देह खेळातला असला, तरी संस्कार मनावरच उमटतो.

आणखी एक गोष्ट. टोर्नेडोची श्रेणी ईएफ-0 ते ईएफ-5 अशी असते, आणि ती मागे झालेली पडझड पाहून ठरते. एल रेनोला रडारवर वाऱ्याचा वेग प्रचंड दिसला होता. पण वाट बहुतेक मोकळ्या रानातून गेली, म्हणून त्याची श्रेणी ईएफ-3 राहिली. म्हणजे मोठा आकडा हा कोणाच्या तरी मोडलेल्या घरांवरून काढलेला असतो. 22 मे 2011 रोजी मिसुरीतील जॉप्लिन शहरावर ईएफ-5 आला, तेव्हा दीडशेहून अधिक माणसे गेली. खेळात ‘पाचाचे वादळ मिळाले’ म्हणून मुले नाचतात. नाचू द्यावे, पण तुकडीच्या म्होरक्याने हा आकडा कशाचा आहे, एवढे एकदा सोबत्यांना सांगावे.

आपल्यातल्या ज्यांनी दिंडी चालवली आहे, त्यांना हे समजायला जड नाही. पुढच्याचे पाय कितीही उचलत असले, तरी मागे राहिलेल्या म्हातारीसाठी थांबावे लागते. म्होरकेपण ते तेवढेच.

तेव्हा घरातला नातू त्या पडद्यासमोर बसला असेल, तर ‘काय हा वेडेपणा’ म्हणून उठून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ‘बाळा, आज तुझ्या तुकडीतले कोण मागे राहिले? त्याच्यासाठी तू थांबलास का?’

रामकृष्णहरी.